नियामक मंडळास खुले पत्र: कॉर्नेलिया सोराबजी हिचा फलक भिंतीवर परत लावा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, नियामक मंडळ,
तसेच मा. प्राचार्य.

विषय: ग्रंथालयातील दालनातून कॉर्नेलिया सोराबजी हिचा फलक काढून टाकल्याबाबत.

महोदय, महोदया,

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिक्षणातील अग्रणी स्त्रियांचे जे दालन गेल्या महिन्यात सुरू झाले, त्यासाठी विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या फलकांपैकी एक फलक, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी हिचा, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी उतरवण्यात आला. तो कोणी उतरवला हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून उतरवला हेही बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र तसा ठराव कुठल्याही इतिवृत्तात नाही आणि लेखी सूचना कोणालाही मिळालेली नाही. सावित्रीबाई फुले, ताराबाई शिंदे, आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई, रखमाबाई आणि रमाबाई रानडे यांच्या रांगेत एक जागा मोकळी राहिली होती, ती वाईट दिसू नये म्हणून तिथे आता अग्निशामक सिलिंडर टांगला आहे. मी कार्यालयात रीतसर अर्ज दिला. आवक क्रमांकासह पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून जे बंद पाकिटात विचारले होते तेच आता सर्वांसमक्ष विचारत आहे.

मी याच महाविद्यालयात शिकले आणि पुढे येथेच इंग्रजी विभागात शिकवून निवृत्त झाले. मी ख्रिस्ती आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र वाचून झाल्यावर ते शोधून काढण्याचे श्रम कोणाला पडू नयेत. माझ्या आजीचे माहेर नाशिकच्या शरणपुरातले. आज शरणपूर रोड म्हटले की दुकाने, दवाखाने आणि वाहनांची गर्दी डोळ्यांसमोर येते, पण एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलेही तिथे शिकली, आणि त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मरण पावलेला प्रवासी संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत थेट इंग्लंडपर्यंत गेला. याच नाशिकात १५ नोव्हेंबर १८६६ रोजी कॉर्नेलियाचा जन्म झाला. आपल्या महाविद्यालयापासून ते शहर एस.टी.ने दोन तासांवर आहे. दालनात जिचा जन्म सर्वांत जवळ झाला, नेमकी तिचीच जागा रिकामी झाली.

फलक कसा होता ते सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिलाच नसावा. साधा सनबोर्ड, वर कॉर्नेलियाचे साडीतले तरुणपणीचे छायाचित्र आणि खाली मराठीत मजकूर. द्वितीय वर्ष कला शाखेच्या एका विद्यार्थिनीने तो लिहिला होता. संदर्भांसाठी ती माझ्याकडे येत असे. एकदा लिहिलेले सगळे खोडून तिने पुन्हा लिहिले, कारण पहिल्या खर्ड्यात विशेषणे फार आणि माहिती थोडी होती. शेवटच्या ओळीतल्या 'कायदा' शब्दातील काना छपाईत निसटला होता, तो तिने काळ्या स्केचपेनने हाताने काढला. सध्या हा फलक वर्तमानपत्रात गुंडाळून विभागातल्या लोखंडी कपाटामागे उभा केलेला आहे.

त्या मजकुरात मावले नाही तेही येथे लिहिते, कारण फलक उतरवताना आपण कोणाला उतरवले याची कल्पना निर्णय घेणाऱ्यांना असावी असे त्यांच्या बोलण्यावरून वाटत नाही. 'ती कोण वकीलबाई' असा उल्लेख झाल्याचे माझ्या कानावर आले आहे. ती वकील फार उशिरा झाली. आमच्या विद्यार्थ्यांना जी कॉर्नेलिया दाखवायची होती ती विद्यार्थिनी होती, त्यांच्याच वयाची.

तिचे वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी हे पारशी घराण्यातले. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबद्दल आप्तस्वकीयांचा रोष पत्करला. आई फ्रान्सिना ही फोर्ड नावाच्या इंग्रज कुटुंबाने दत्तक घेतलेली भारतीय मुलगी होती. या बाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले आणि त्यात निरनिराळ्या धर्मांची मुले-मुली एकाच वर्गात बसवली. त्या काळच्या पुण्यात हे केवढे धाडस होते हे समजण्यासाठी एवढेच आठवावे की १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून याच शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, झाले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही त्याची झळ लागली. लहानपणी घरी आलेल्या एका विधवेची हकिगत कॉर्नेलियाने पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे: कारभाऱ्याने त्या बाईची मालमत्ता हडप केली होती आणि पडद्यात राहणाऱ्या त्या बाईला पुरुष वकिलासमोर तोंड उघडता येत नव्हते. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिकावा लागेल, असे आईने मुलीला सांगितले. त्या वेळी आपल्या देशात कायदा शिकलेली एकही स्त्री नव्हती, त्यामुळे आईने मुलीला दाखवलेली वाट प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती.

पुढे ती डेक्कन कॉलेजात दाखल झाली. मुळा-मुठेच्या पलीकडे येरवड्याला सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीत त्यापूर्वी टिळक आणि आगरकर शिकून गेले होते, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेव्हा तिथे संस्कृत शिकवत होते. त्या कॉलेजात तिच्यापूर्वी एकही मुलगी शिकली नव्हती. व्याख्यानाला तिने आत येऊ नये म्हणून मुले तिच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत. आपण सर्वांनी वर्ग घेतले आहेत, निदान वर्गांवरून फेऱ्या मारल्या आहेत. वर्गभर मुले आत बसलेली आणि एक मुलगी वह्या घेऊन बंद दाराबाहेर उभी, याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी येत असे. अखेर ती पहिल्या वर्गात बी.ए. झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली.

परीक्षेत अव्वल येणाऱ्याला इंग्लंडमध्ये पुढील शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. गुणांनुसार ती कॉर्नेलियाची होती. ती तिला नाकारण्यात आली, कारण ती स्त्री होती. नियम करताना स्त्री पहिली येईल हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते, आणि जे डोक्यात आले नव्हते ते निकालानंतर निषिद्ध ठरवण्यात आले. रडत न बसता ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेली. वर्गात सगळे पुरुष विद्यार्थी आणि शिकवणारी विशीतली मुलगी. दरम्यान, १८८८ मध्ये तिने लंडनच्या नॅशनल इंडियन असोसिएशनकडे मदत मागितली. मेरी हॉबहाउस आणि ॲडलेड मॅनिंग यांनी तिच्यासाठी वर्गणी जमवली आणि त्या वर्गणीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा वाटा होता तसा विल्यम वेडरबर्न यांचाही होता. जे सरकारने हक्क म्हणून द्यायचे ते लोकवर्गणीतून जमले आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोहोचली. त्याच वर्षी रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेल्या आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. आपल्या दालनात या दोघींचे फलक शेजारीशेजारी आहेत. त्या वर्षाची तिसरी बाजू कपाटामागे आहे.

ऑक्सफर्डमध्येही दारे आपोआप उघडली नाहीत. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट तिच्या पाठीशी होते, सर विल्यम अन्सन यांनी १८९० मध्ये तिला ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात वाचायला बोलावले, आणि तिथे वाचक म्हणून प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री ठरली. साडी तिने सोडली नाही. कायद्याच्या पदव्युत्तर परीक्षेला, म्हणजे बी.सी.एल.ला, तोवर एकही स्त्री बसली नव्हती. १८९२ मध्ये विद्यापीठाच्या सभेला त्यासाठी खास ठराव करावा लागला तेव्हा ती बसू शकली. तिला तिसरा वर्ग मिळाला. आमच्या विद्यार्थिनीने हा तिसरा वर्गही फलकावर लिहिला होता, आणि तो लिहावा की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली होती. लिहावे असे तिचेच मत पडले, कारण एरवी सगळे फलक पहिल्या क्रमांकांचे असतात आणि ते वाचून साधारण गुण मिळवणाऱ्या मुलीला आपल्यासाठी तिथे काही आहे असे वाटत नाही. मला हे म्हणणे फार पटले. उत्तीर्ण होऊनही पदवी मात्र तिला मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्याच देत नसे. ती दारे १९२० मध्ये उघडली आणि कॉर्नेलियाला तिची पदवी १९२२ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हातात पडली.

पुढच्या आयुष्याबद्दल थोडक्यात लिहिते. मायदेशी परतल्यावर मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा अशा दोन्ही तिने दिल्या, तरी सनद मिळेना. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे वारसांच्या इस्टेटींची देखभाल करणाऱ्या सरकारी खात्यात, पडद्यातील स्त्रियांची सल्लागार म्हणून तिने वीसेक वर्षे काम केले आणि शेकडो विधवा आणि अनाथ मुलांच्या इस्टेटींचे तंटे हाताळले. स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा १९२३ साली झाला तेव्हा तिची उमेद सरत आली होती. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले. तिथल्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

आता फलक उतरवण्याची जी कारणे तोंडी सांगितली गेली त्यांच्याकडे वळते. ती मला निरनिराळ्या व्यक्तींकडून कळली असल्याने त्यांत काही कमीजास्त झाले असेल तर लेखी उत्तरात दुरुस्त करावे.

सर्वांत वजनदार कारण म्हणजे ती इंग्रजधार्जिणी होती. आरोप खोटा नाही. तिने ब्रिटिश राजवटीची बाजू घेतली, गांधीजींच्या चळवळीला उघड विरोध केला आणि कॅथरीन मेयो हिच्या १९२७ सालच्या भारतनिंदक पुस्तकाची पाठराखण केली. हे तिचे वागणे मला मान्य नाही. माझे वडील सेवादलातले होते, आमच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी गांधीजींची तसबीर होती, आणि मेयोबाईचे नाव घरात चांगल्या अर्थाने कधी निघाले नाही. परंतु ही मते पन्नाशी-साठीतल्या कॉर्नेलियाची आहेत आणि फलक विशीतल्या विद्यार्थिनीचा आहे. शिवाय, आमच्या फलकाच्या मजकुरात हा विरोध स्पष्ट शब्दांत लिहिलेला होता. ज्या गोष्टीसाठी फलक काढला ती फलकावरच नमूद होती, हे काढणाऱ्यांनी वाचले असते तर त्यांना कळले असते.

आणि हीच मोजपट्टी सर्वांना लावायची ठरवली, तर भिंतीवर कोण उरेल याचाही विचार करावा. तिला १९०९ साली ब्रिटिश सरकारचे कैसर-ए-हिंद पदक मिळाले म्हणून नाके मुरडली गेली. पंडिता रमाबाईंनाही ते १९१९ साली मिळाले होते. न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत होते, भांडारकरांना सरकारने 'सर' केले. मुख्य इमारतीच्या दिवाणखान्यात लोकमान्यांची तसबीर आहे. ती तिथे असलीच पाहिजे. तरीही मुलींच्या हायस्कुलातील इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमावर त्यांच्या 'मराठा' या वृत्तपत्रातून टीका झाली आणि मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकवतोच. त्यामुळे त्यांची थोरवी उणावली असे आपण मानत नाही. डेक्कन कॉलेजात त्यांची विद्यार्थिदशेतील खोली आजवर जपून ठेवली आहे, ती विद्यार्थी टिळकांची आठवण म्हणूनच. पुरुषाचे सगळे आयुष्य तोलून मग गुण द्यायचे आणि बाईची एक बाजू सापडली की हिशेबाची वहीच मिटायची, असे आपण मुलींच्या नावाने उघडलेल्या दालनात तरी करू नये.

दुसरे कारण ऐकून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. 'दालनात एक ख्रिस्ती नाव आहेच' असे सांगण्यात आले. म्हणजे पंडिता रमाबाई. कोणत्या धर्माची किती नावे असावीत याची काही वाटणी दालन उभारताना ठरली होती का? ठरली असेल तर ती जाहीर करावी, म्हणजे इतरांचेही समाधान होईल. पण आपल्या भिंतीवरील पंडिता रमाबाईंच्या फलकावर त्या ख्रिस्ती झाल्याचा उल्लेखच नाही! 'संस्कृत विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका' एवढ्यावर मजकूर संपतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये घेतलेला बाप्तिस्मा, त्यावरून पुण्यामुंबईत उठलेले वादळ, केडगावचे मुक्ती मिशन, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर, यांतले काहीही तिथे नाही. मोजताना ज्या धर्माने मोजायचे, लिहिताना तो खोडायचा, असा हा व्यवहार आहे. आपण सारे शाळेच्या पुस्तकात लक्ष्मीबाई टिळकांचे उतारे वाचून मोठे झालो, ते वाचताना हसलो आणि रडलोही. तेव्हा त्या कोणत्या धर्माच्या हे कोणी मोजत बसले नव्हते, आणि पुस्तकाने ते लपवलेही नव्हते.

तिसरे कारण नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे. समितीची भेट जवळ आली आहे, तोंडावर वाद नको, असे म्हणे. याबद्दल एवढेच लिहिते की कॉर्नेलियाच्या फलकावरून वाद झाला नव्हता. तो काढल्यावर झाला. त्याशिवाय, स्वयंमूल्यमापन अहवालात सर्वसमावेशकतेविषयी जे परिच्छेद लिहिले जातात, त्यांच्या पुराव्यादाखल या दालनाची छायाचित्रे जोडली जाणार आहेत असे समजते. ती छायाचित्रे फलक असताना काढलेली की नसताना काढलेली, हे पाहणे आता प्राचार्यांच्या हाती आहे.

ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले ती मात्र या तिन्ही कारणांत नाही. फलक उतरवल्यावर ती विद्यार्थिनी कार्यालयात विचारायला गेली असता, 'एवढे वाटत असेल तर तुमच्या चर्चमध्ये लाव' असे उत्तर तिला मिळाले. तीही ख्रिस्ती आहे. ते बोलणाऱ्याचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण मला एका कर्मचाऱ्याची शोभा करायची नाही. वरिष्ठांचा कल पाहूनच खालचे लोक बोलतात, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे. ती मुलगी रोज पहाटेच्या एस.टी.ने येते. तिच्या घरात बी.ए.पर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिने सावित्रीबाईंच्या फलकासाठी रंग आणून दिले, ताराबाई शिंदे यांच्या फलकावरचे शुद्धलेखन तपासले, उद्घाटनाच्या रांगोळीला बसली. त्या सगळ्या बायका तिच्याही होत्या. कॉर्नेलियाचा फलक तेवढा 'तुमचा' कसा झाला, हे तिला कोणीतरी समजावून सांगायला हवे, आणि ते सांगण्याची जबाबदारी माझी नाही, आपली आहे.

एक गोष्ट स्वकीयांनाही सांगते, म्हणजे मी एकाच बाजूला बोलते असे होऊ नये. फलक काढल्याचे कळताच आमच्या समाजातल्या काहींनी माझ्याकडे येऊन मोर्चाची आणि निवेदनाची भाषा केली. त्यांतल्या बहुतेकांनी कॉर्नेलियाचे नाव त्या दिवशी प्रथम ऐकले होते. मी त्यांना थांबवले. ती आमची संत नव्हे, तिच्या नावाने मिरवणूक काढावी असे काही नाही. ती एक हुशार, हट्टी, अनेकदा चुकलेली विद्यार्थिनी होती, आणि तिची जागा चर्चच्या फलकावर नसून महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. फलक वगळण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत आणि कोणत्या कारणास्तव झाला हे नियामक मंडळाने लेखी कळवावे. तसा निर्णय कोणत्याच बैठकीत झाला नसेल तर तेही स्पष्ट लिहावे, कारण मग फलक कोणी अधिकाराविना उतरवला असा त्याचा अर्थ होईल. फलक आहे त्या मजकुरासह, म्हणजे तिसरा वर्ग, पदक आणि गांधीजींना केलेला विरोध यांतला एकही शब्द न गाळता, मूळ जागी लावावा आणि अग्निशामक सिलिंडरसाठी नियमाप्रमाणे जिन्याजवळ दुसरी जागा शोधावी. पंडिता रमाबाईंच्या फलकावरील मजकूर पूर्ण करावा. तो लिहून देण्यास मी तयार आहे आणि त्यावर इतिहास विभागाने कात्री चालवली तरी माझी हरकत नाही, मात्र बाप्तिस्मा आणि बायबलचे भाषांतर वगळू नये. त्या विद्यार्थिनीला प्राचार्यांनी आपल्या दालनात बोलावून, तिने केलेल्या कामाबद्दल आणि तिला मिळालेल्या उत्तराबद्दल, काय बोलायचे ते स्वतः बोलावे. तिच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, अंतर्गत गुणांतही नाही. हे पत्र माझे आहे, ते प्रसिद्ध करण्यापूर्वी मी तिला दाखवले असले तरी त्यातली मते आणि त्यांचे परिणाम माझे आहेत.

आणखी एक विनंती आहे, ती मागणी म्हणून नव्हे. माझ्या निवृत्तीच्या वेळी जमलेली रक्कम विभागाने ग्रंथखरेदीसाठी ठेवली होती, ती अजून पडून आहे. मंडळाची हरकत नसेल तर त्यात मी भर घालीन आणि त्यातून दर वर्षी पदवीनंतर कायद्याच्या शिक्षणाला जाऊ इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीचे प्रवेश परीक्षेचे शुल्क आणि पुस्तके देता येतील. धर्माची, जातीची, गुणांच्या टक्केवारीची अट नको. अर्ज मागवण्याचे काम ग्रंथपालांकडे द्यावे.

१५ नोव्हेंबर फार लांब नाही. त्यापूर्वी उत्तर मिळावे अशी अपेक्षा आहे. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी आणि कारणांसह द्यावा, मी तो जसाच्या तसा प्रसिद्ध करीन.

कळावे,
आपली विश्वासू,
याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आणि इंग्रजी विभागातील निवृत्त प्राध्यापिका